सांधलेलं हाड

शिंगाला करवत लावली की जळक्या केसांचा वास येतो आणि हाडाला लावली की दातांच्या डॉक्टरकडचा. आमच्या गल्लीत हे दोन्ही वास दिवसभर येतात. घरोघरी कंगवे, बटणं, सुऱ्यांच्या मुठी बनतात. आम्ही थट्टेने म्हणतोही, की पाहुण्याने हात पुढे केला तरी आमचं लक्ष आधी त्याच्या मनगटाच्या हाडाकडे जातं. भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. हाड म्हणजे माल, एवढंच मला ठाऊक.

माझा मुलगा गोदामात पोत्यांच्या थप्पीवरून पडला आणि त्याच्या नडगीचे दोन तुकडे झाले. प्लास्टर झालं, ऑपरेशन झालं, पण हाड काही जुळेना. शेवटी डॉक्टर म्हणाले, आतून सडत चाललंय, पाय कापावा लागेल. हॉस्पिटलमध्ये खाट रिकामी होईपर्यंत त्याला घरी ठेवायला सांगितलं. घरच्याच कारखान्यामागच्या खोलीत तो विव्हळत पडलेला असे आणि आमची ही त्याच्या उशाशी. त्याचं ते विव्हळणं ऐकून मला वेड लागायची पाळी आली होती.

त्याच सुमारास एका पोत्यात सांधलेलं हाड निघालं. जनावराचा मोडलेला पाय आपसूक जुळला की हाडावर तिथे गाठ राहते. अशा हाडाला आमच्यात हत्यार लावत नाहीत, ते मातीत पुरतात. माझ्या थोरल्या भावाने, दादाने, ते बाजूला ठेवायला सांगितलं. मी ठेवलं नाही. गाठ नेमकी तिथेच होती, जिथे माझ्या पोराचं हाड मोडलं होतं. मी ते समोर घेऊन बसायचो. एका मुक्या जनावराला जमलं ते याला का जमू नये, या विचाराने मला राग यायचा, रडू यायचं.

पण हात पडले धंद्याचे. खडबडीत हाड समोर असलं की त्यांना चैन पडत नाही. एका दुपारी माझ्याही नकळत मी कानस उचलली आणि त्या गाठीवरून फिरवली.

आतलं विव्हळणं थांबलं.

मी कानस थांबवली. ते पुन्हा सुरू झालं.

दुसरी हाडं घासून पाहिली, तर काहीच फरक पडेना. मग परत ते घेतलं. ही बाहेर आली, माझ्या हातात काय आहे ते तिने पाहिलं आणि जाताना दार उघडं ठेवून गेली.

त्यानंतर मी घासत राहिलो. पोरगा झोपायला लागला. त्याच्या पोटात दोन घास जायला लागले. दादाने पाहिलं तेव्हा त्याचा चेहरा उतरला.

"खाली ठेव ते."

"थांबलो की तो ओरडतो रे, दादा."

"आणि संपल्यावर?"

घासून हाड वाढत नाही, हे आमच्या गल्लीतलं शेंबडं पोरही सांगेल. कानस सोडून मी पॉलिशपेपर घेतला, मग नुसतं फडकं. तरीही ते झिजत गेलं. गाठ नाहीशी झाली. हाड बोटाएवढं झालं, मग काडीएवढं. हॉस्पिटलमधून बोलावणं येईना.

एका सकाळी काडी मोडली.

मी कान टवकारले. ओरडणं नाही, काही नाही. आत धावलो.

पोरगा हसत होता.

"बाबा, दुखायचं थांबलं. एकदम हलकं वाटतंय."

हिने डोळे पुसले आणि हौसेने चादर बदलायला घेतली. तो पाय उचलायला आम्हा दोघांचे हात लागायचे. मी वाकलो, तोवर तिने एकटीने उचललाही.

गुडघ्याखालचा पाय ओल्या टॉवेलासारखा तिच्या हातावरून दोन्हीकडे लोंबला.

पोरगा अजून हसत होता. मग त्याने मांडी चोळली.

"आता जरा इथे दुखायला लागलंय."

हिने पाय अलगद गादीवर ठेवला. माझ्याकडे न बघता ती बाहेर गेली. पोत्यातली हाडं एकेक करून चाचपल्याचा आवाज येऊ लागला.