थेंबाची दुसरी पिढी

बाळ रडलं, की नर्सनं त्याच्या जिभेवर आद्यबिंदू सोडायचा आणि मगच त्याला आईजवळ द्यायचं, हे परभणीच्या त्या प्रसूतिगृहात नाळ कापण्याइतकं अंगवळणी पडलं होतं. एका थेंबात कोट्यवधी निवडक जिवाणू. ते बाळाच्या आतड्यात वस्ती करत आणि कोवळ्या प्रतिकारशक्तीला आपलं-परकं ओळखायला शिकवत. थेंब आल्यापासून जुलाबानं दगावणारी तान्ही मुलं दिसेनाशी झाली होती. डॉ. सुनेत्रा टेकाळे नोकरीला लागल्यापासून तो देत आल्या होत्या.

आज मात्र त्या पुण्याहून, थेंब बनवणाऱ्या कंपनीच्या कार्यालयातून तडक वॉर्डात आल्या आणि त्यांच्या डोक्यात नुसता जाळ होता.

तीन वर्षांची शिवांजली त्यांच्या डोळ्यांदेखत गेली होती. तिला बाहेरचा कुठलाच रोग नव्हता. तिची प्रतिकारशक्तीच तिच्या आतड्यावर उलटली होती. तशीच आणखी मुलं बालविभागात येऊ लागली. सुनेत्राबाईंनी सगळ्यांची विष्ठा तपासून घेतली. एरवी सगळ्यांच्या आतड्यात सापडणारा एक साधासा जिवाणू यांच्यापैकी कुणाच्याच पोटात नव्हता. प्रतिकारशक्तीला ‘आता पुरे’ म्हणून आवरणाऱ्या पेशी त्याच्या सहवासात तयार होतात, आणि त्या तयार व्हायचं वय पहिल्या काही महिन्यांतच सरतं.

कंपनीत नाडगौडा भेटले. थेंब त्यांनीच बनवलेला. त्यांनी चहा मागवला, आकडेवारी दाखवली, किती जीव वाचले ते सांगितलं. बाईंनी एवढंच विचारलं, की तो जिवाणू थेंबातून का वगळला.

“त्याला हवा सोसत नाही. बाटलीत टिकेना. आईकडून मिळेलच, असं आम्ही धरून चाललो.”

“बाटलीत टिकेना म्हणून पोरांच्या पोटातून काढलात?”

नाडगौडा शांतपणे म्हणाले, की काढला नाही, थेंबातल्या जिवाणूंनी त्याची जागा घेतली असेल. आणि हे बाहेर बोलू नये, लोक घाबरतील. चहा तसाच टाकून बाई उठल्या होत्या.

आता समोर अन्विता गव्हाणेचं बाळ नुकतंच रडलं होतं. नर्सनं थेंबाची बाटली उचलली. बाईंनी तिचा हात धरला. “नको. आधी आईच्या अंगावर द्या. तिच्याकडून मिळायचं ते मिळू द्या.”

अन्वितानं बाळाला कुशीत घेतलं. मग दबकत म्हणाली, “पण मॅडम, मलाही हाच थेंब दिलेला. तुम्हीच दिला होता, आई सांगते. मग माझ्याकडं काय असणार?”

बाईंचा राग जागच्या जागी गोठला. शिवांजलीची आईसुद्धा इथंच जन्मली होती. आयांच्या त्या पिढीला तो जिवाणू त्यांच्या आईकडून मिळाला, प्रतिकारशक्ती घडवून गेला. पुढं थेंबातल्या जिवाणूंनी त्याला हुसकावलं. मुलांना द्यायला आयांजवळ काहीच उरलं नव्हतं. म्हणून हे इतक्या वर्षांनी, आत्ता दिसत होतं.

“तुझी आई आलीय बरोबर?”

“बाहेर बसलीय.”

सुनेत्राबाई दार उघडून बाहेर आल्या. बाकावर पन्नाशीची एक बाई डब्याची पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. थेंबाच्या आधी जन्मलेली. तिच्या पोटात तो जिवाणू अजून असेल का? आणि असला, तर तिच्यासारख्या बायका आणखी किती वर्षं या बाकावर बसायला येणार होत्या?