चामिलकाकाचं घर तापवलं ती रात्र

चूल विझू देऊ नका, बाकी मला काही नको. इस्मेत, ते जाड फाळकं टाक. बारीक लाकूड भुरुभुरु जळतं आणि गोष्ट अर्ध्यावर राहते.

रासिमला तुम्ही सगळे ओळखता. वरच्या वाडीतला, चीज करून स्येनित्साच्या बाजारात विकतो तो. बढाया मारणारा माणूस नव्हे. हे त्याने मला माझ्या बर्फ काढायच्या ट्रकमध्ये शेजारी बसून सांगितलं, आणि सांगताना एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. तीन वर्षं झाली. जानेवारीची सव्वीस तारीख, गुरुवार. आपल्या पठारावर त्या रात्री उणे चौतीस होतं.

दुपारी त्याला सेनादचा फोन आला. चामिलकाकाचा पुतण्या, जर्मनीत कामाला होता तो. बायकोपोराला घेऊन निघालेला, वाटेतूनच बोलत होता.

"रासिमदादा, तिकडचं काम सुटलं. कायमचेच येतोय आम्ही. उद्या सकाळी पोचू. काकाचं घर जरा तापवून ठेवशील? बाळ आहे बरोबर, आठ महिन्यांचं."

"तापवतो की," रासिम म्हणाला. "तू गाडी सावकाश हाक."

म्हणायला सोपं आहे. दगडी घर, वर्षभर बंद. अशा घराच्या भिंती थंडी पिऊन बसलेल्या असतात. आधी भिंती तापतात, मग हवा, मग माणूस. म्हणजे संध्याकाळी पेटवायचं आणि सकाळपर्यंत तासातासाला घालत राहायचं. दुसरा उपाय नाही.

"दुसऱ्याच्या चुलीपुढे रात्रभर बसायला किती तत्पर," त्याची बायको मेवला म्हणाली. "घरची पेटवायला मला तीन हाका माराव्या लागतात."

"तुझ्या तीन हाकांनीच घर तापतं. लाकूड कशाला जाळू?"

हसली ती. पाव, चीज आणि कॉफीची पुडी बांधून दिली. तिला एक गोष्ट मात्र ठाऊक नव्हती. रासिम त्या घराकडे वर्षभर का फिरकला नव्हता, ती. तिला वाटायचं, बंद घरात काय काम म्हणून.

चामिलकाका त्याच घरात वारला होता, आदल्या वर्षीच्या फेब्रुवारीत. एकटा जीव. तापाने फणफणला आणि अंगात त्राण उरलं नाही. पोस्टमनने शुक्रवारी दार ढकललं तेव्हा म्हातारा चुलीपुढच्या बुटक्या स्टुलावर बसलेला होता, हात चुलीकडे पसरलेले. चुलीतली राखसुद्धा गार. मागच्या खोपटात मात्र लाकूड छतापर्यंत रचलेलं. वीस पावलांवर होतं. पण वीस पावलं चालवली नाहीत त्याला.

असो. रासिम घसरगाडी ओढत गेला. सहा वाजता कुलूप उघडलं. बीचचं लाकूड होतं, दोन वर्षं वाळलेलं, एकमेकांवर आपटलं की खणखण वाजणारं. थंड धुराडं धूर ओढत नाही, म्हणून आधी वरच्या झडपेत कागद पेटवून धुराड्याला ऊब दिली. मग बिस्मिल्ला म्हणून खाली ढलप्या, ढलप्यांवर फाळकी. पाच मिनिटांत लोखंडी चूल घुमायला लागली. चुलीपुढचं स्टूल त्याने उचललं आणि कोपऱ्यात ठेवलं. त्याच्यावर बसायचं त्याच्या मनात नव्हतं.

आठ वाजले. दहा वाजले. चुलीची बाजू लाल झाली. वर किटली उकळत होती. आणि रासिमच्या तोंडातून वाफ निघत होती.

भिंती अजून पितायत, त्याने स्वतःला सांगितलं. आणखी चार फाळकी घातली.

अकराला त्याने खिडकी पाहिली. आतल्या बाजूने काचेवर बर्फाची पानं उमटत होती. वितळत नव्हती, वाढत होती. तो बघत असताना एक पान चौकटीपर्यंत सरकलं.

तो खोपटात गेला, लाकूड घेऊन परत आला. स्टूल चुलीपुढे होतं.

आपणच ठेवलं असेल. माणूस दमला की विसरतो. त्याने ते कोपऱ्यात ठेवलं, वर कोट टाकला. चूल भरली. वळला.

कोट जमिनीवर. स्टूल चुलीपुढे.

आता ऐका. त्याने हात पुढे केला, असा, चुलीकडे. स्टुलाच्या पलीकडे चटका बसत होता, बोटं भाजतील इतका. स्टुलाच्या अलीकडे काही नाही. हिवाळ्यातल्या विहिरीत हात घालावा तसं. ऊब स्टुलापर्यंत येत होती आणि तिथेच थांबत होती. कुणीतरी ती सगळी घेत होतं.

तो दार उघडून बाहेर पळाला. उणे चौतीस. आणि त्याला बाहेर बरं वाटलं. आतल्यापेक्षा उबदार.

शेतापलीकडे त्याचं घर दिसत होतं. धुराड्यातून सरळ धूर. दहा मिनिटांची वाट. त्याने पाऊल टाकलंही. तेवढ्यात खिशातला फोन थरथरला. सेनादचा निरोप होता. "बेलग्रेड मागे पडलं. बाळ झोपलंय, जरा खोकतंय. घर तापलं का?"

एक वाजून दहा मिनिटं झाली होती. फोन थंडीने मेला, पडदा काळा झाला. उत्तर देता आलं नाही.

रासिम तिथे किती वेळ उभा होता, त्याला सांगता येत नाही. पापण्या चिकटायला लागल्या तेव्हा तो वळला. स्वतःच्या घराकडे नाही... त्या घराकडे.

आत आला. दार लावलं. चूल धडधडत होती आणि किटलीवर बर्फाची साय धरली होती.

"काका," तो म्हणाला.

चुलीत लाकूड तडकलं.

"चामिलकाका... रासिम आहे मी."

स्टूल करकरलं. जड माणूस अंग सावरतो तसं.

रासिम भिंतीला टेकून खाली बसला. आणि मग त्याने ते सांगितलं, जे त्याने मेवलाला सांगितलं नव्हतं, पोस्टमनला सांगितलं नव्हतं, जनाज्याच्या दिवशी खांदा देताना कुणालाही सांगितलं नव्हतं.

"त्या बुधवारी मी तुमचं धुराडं पाहिलं होतं, काका. धूर नव्हता."



तुम्हाला माहीत आहे, आपण इथे सकाळी उठलो की आधी काय बघतो. आभाळ नाही. शेजाऱ्याचं धुराडं. धूर आहे म्हणजे माणूस आहे.

"म्हटलं, स्येनित्साला गेले असतील. बर्फ मांडीपर्यंत होता. गाय व्यायला झाली होती..." तो थांबला. "नाही. गाय दोन दिवस आधीच व्याली होती. कंटाळा केला मी."

...

"गुरुवारीही पाहिलं. धूर नव्हता. तेव्हा मला कळलं होतं. म्हणून आलो नाही."

त्याची बोटं पांढरी पडली होती. दुखायची थांबली होती, आणि ते वाईट असतं. त्याने मला सांगितलं, "शेम्सोभाई, मला वाटलं, हा आता मला शेजारी बसवून घेणार. आणि मला ते चूक वाटलं नाही."

पण तो उठला. का, ते त्यालाही ठाऊक नाही. कॉफी केली. दोन लहान कप भरले. एक स्वतः घेतला. दुसरा चुलीच्या कडेवर, स्टुलाच्या हाताशी ठेवला.

"उद्या इथे तान्हं बाळ येतंय, काका. तुमच्याच रक्ताचं. त्याला ऊब हवी. तुम्ही शेका. पोटभर शेका. लाकूड मी घालतो... रात्रभर घालतो. जागचा हलणार नाही. त्या वेळी आलो नाही, आज आलोय."

आणि त्याने तसंच केलं. दोन वाजता घातलं. तीनला घातलं. बोलला नाही, झोपला नाही. खोपटापर्यंत वीस पावलं, परत वीस पावलं. किती खेपा झाल्या, मोजल्या नाहीत. चार वाजता तो चूल भरून वाकला असताना त्याच्या गालाला काहीतरी लागलं.

ऊब होती. आधी थोडी. मग सगळीकडे.

त्याने कोट काढला. भिंतीला टेकला, आणि बसल्या जागी त्याचा डोळा लागला.

जागा झाला तो पाण्याच्या आवाजाने. खिडकीवरचा बर्फ धारांनी खाली येत होता. भिंतींना घाम सुटला होता. स्टूल कोपऱ्यात होतं. त्याने ठेवलेलं नव्हतं.

साडेसातला गाडीचे दिवे दिसले. सेनाद आत आला आणि दारातच थबकला. "दादा, हे तर हमामखाना झालं." त्याच्या बायकोने, अल्माने, बाळाची टोपी काढली, मोजे काढले, आणि त्याला गोधडीवर सोडलं. बाळ रांगत नेमकं त्या स्टुलापाशी गेलं, त्याला धरून उभं राहिलं आणि वर बघून हसलं. रासिमला रडू आलं. सेनादला वाटलं, जागरणाने.

रासिमने त्यांना काही सांगितलं नाही. मेवलाला मात्र त्याच दिवशी सगळं सांगितलं. ती दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने त्याला कबरीवर फातिहा म्हणायला पाठवलं.

पण हे मागाहून झालं. त्या सकाळी अल्मा कप विसळायला गोळा करत होती. हे मला रासिमने नाही, तिने सांगितलंय. ती त्याच घरात राहते, विचारून या. चुलीच्या कडेवरचा कप तिने उचलला आणि हात झटकला. लोखंडावर रात्रभर राहिलेला कप, बूड असं तापलेलं की बोटांवर फोड आले. तिने फडक्याने धरून तो मोरीत उपडा केला.

कॉफी पडली नाही.

तिने कप उजेडात धरून आत बघितलं.

"दादा," ती म्हणाली, "ही कॉफी रात्री बाहेर ठेवली होती का? तळापर्यंत बर्फ झालाय."