पंजाखालचा लाल ठिपका

“कोणत्या गाढवाने माझ्या मांजरीची ही दशा केली?”

मोबाइलच्या पडद्यावर आपण काढलेल्या मांजरीकडे बघत रुचा हे स्वतःशीच पुटपुटली होती. सातासमुद्रापार, अल्फारेटामधल्या त्या मोबाइल गेम कंपनीत मराठी कळणारं कुणी असेल, हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं. म्हणूनच मागून आवाज आला तेव्हा हातातला मोबाइल पडता पडता राहिला.

“गाढव पुण्याचं आहे... परीक्षित. गेल्या आठवड्यात जॉइन झालोय.”

तिने वळून पाहिलं. गडी खुशाल हसत होता! एप्रिलमध्ये तिथे पाइनच्या परागकणांनी गाड्या, अंगणं, माणसं, सगळंच पिवळं होतं. याच्या तर भुवयासुद्धा पिवळ्या झाल्या होत्या.

“हसून काय राहिलास? बघ, कशी थरथरून राहिली बिचारी!” नागपूरची रुचा कडाडली.

खरं तर चूक दोघांचीही होती. २००५ सालच्या फोनमध्ये जागा ती केवढी! ती वाचवायला रुचा मांजरीचं प्रत्येक चित्र, म्हणजे प्रत्येक फ्रेम, अगदी अंगालगत कापायची. बसलेली मांजर इवलीशी, आळस देणारी लांबलचक, शेपटी उभारलेली उंच. परीक्षितचा प्रोग्रॅम मात्र सगळ्या फ्रेम्स वरच्या डाव्या कोपऱ्याशी जुळवायचा. मग मांजर कधी जमिनीत रुतायची, कधी अधांतरी लोंबायची. उपाय सोपा होता. मागचा पंजा जिथे टेकतो, तिथे प्रत्येक फ्रेमवर लाल ठिपका द्यायचा आणि सगळे ठिपके एकावर एक आणायचे.

तेव्हापासून रोज जेवणानंतर, ठिपके हाताने जुळवायला, एका स्क्रीनसमोर दोन खुर्च्या.

“एक पिक्सेल डावीकडे घे...”

“तुझ्या डावीकडे की माझ्या?”

“शेजारी बसलोय आपण, मॅडम. डावी बाजू एकच आहे.”

रुचा मान वळवायची नाही. पण त्याचं कोपर तिच्या बाहीला लागलं, की पुढची फ्रेम हमखास चुकायची. शनिवारी घर तिला खायला उठायचं. रूममेट रुपाली म्हणायची, “सांगून टाक ना यार!” पण तो काही बोलेना, आणि आपण होऊन बोलायची हिची हिंमत होईना.

आणि मग ती बातमी आली. कॉन्ट्रॅक्ट संपलं, सोमवारपासून परीक्षित नव्या कामावर, दूर मिनेसोटात, ईडन प्रेरीला. आता नाही तर कधीच नाही, हे रुचाला कळत होतं.

शुक्रवारी तो आपलं काम नव्या प्रोग्रॅमरला, शैलेंद्रला, समजावत होता. “हे टूल घे. बटण दाबलं की पंजे आपोआप शोधतं, ठिपके देतं. सगळ्या फ्रेम्स जागेवर.”

शेजारी बसलेली रुचा चमकली. शैलेंद्र कॉफी आणायला गेल्यावर तिने विचारलं, “हे कधी लिहिलंस?”

तो कानांपर्यंत लाल झाला. “...एप्रिलमध्येच.”

“आता ऑगस्ट आहे, परीक्षित! मग आपण रोज डोळे कशाला फोडत बसलो?”

“बटण दाबलं असतं, तर तू उठून गेली असतीस.”

तिला राग आला, हसू आलं, आणि मनातलं न सांगता फुकट गेलेल्या सगळ्या दुपारींसाठी डोळ्यांत टचकन पाणीही आलं. “मी कुठे उठून चालले होते, वेड्या? उठून तर तू चाललायस!”

“मग... थांब म्हण ना.”

“मी थांब म्हटल्याने कॉन्ट्रॅक्ट थांबतं का? त्यापेक्षा तूच ‘ये’ म्हण की!”

कीबोर्डवरचा तिचा हात त्याने पहिल्यांदाच हातात घेतला. “ये... येशील?”

‘हो’ म्हणायला रुचाला क्षणही लागला नाही. जायला मात्र तिकडे नवी नोकरी, तिच्यासाठी पुन्हा व्हिसाची कागदपत्रं, नागपूरला आईबाबांची समजूत... कितीतरी महिने मध्ये पडणार होते, आणि ते सगळे तिला आत्तापासूनच जड वाटू लागले होते. शैलेंद्र कॉफी घेऊन परत आला, तरी तिने हात सोडवून घेतला नाही.