अर्धा पियाला

शेजारच्या लग्नात उलाननं कॅमेरा थेट बेगिमायच्या तोंडासमोर आणला, आणि तिनं भिंगावर सरळ पंजा ठेवला.

"पाहुणीचं हसू हवं होतं," तो म्हणाला.

"हसू फुकट मिळत नाही. सोमवारी शाळेत या, माझं एक काम करा."

किर्गिझस्तानातल्या काराकोलमध्ये लग्नं टिपून पोट भरणारा हा गडी सोमवारी खरंच दारात उभा... केसांत पावसाचे थेंब, बुटांना चिखल. बेगिमाय शिकवायची त्या वर्गात झिबेक नावाची अकरा वर्षांची स्वमग्न मुलगी होती. तोंडानं सांगितलेलं तिच्या डोक्यात उतरायचं नाही. डोळ्यांनी पाहिलेलं कोरलं जायचं. म्हणून तिच्यासाठी छोटे व्हिडिओ. आता पाहुण्याला इथल्या रीतीनं चहा द्यायचे दोन करायचे होते. एकात पियाला अर्धाच – बसा, पुन्हा ओतते. दुसऱ्यात काठोकाठ – प्या आणि निघा.

"दुसरा कशाला शिकवायचा?" उलाननं विचारलं.

"नको असलेल्या माणसाला वाटेला लावायचा हक्क तिलाही आहे."

 उलान मग कॅमेरा तिकाटण्यावर ठेवून स्वतःच पाहुणा होऊन बसला. बेगिमायनं अर्धा पियाला पुढे केला की घ्यायचं विसरून हा तिच्याकडे बघत राहायचा. दृश्य पाच वेळा घ्यावं लागलं. मुद्दाम चुकतोय, तिला कळत होतं... चुकू दे.

झिबेकनं महिनाभर ते व्हिडिओ रोज पाहिले. मग तपासणीच्या बाई आल्या. ही मुलगी या शाळेत राहणार की तिला काढायचं, ते त्या ठरवणार होत्या. त्यांनी झिबेकला चहा द्यायला सांगितलं. एव्हाना शाळेच्या समारंभांचीही कामं करणारा उलान टिपत होता. झिबेकनं अर्धा पियाला नीट पुढे केला, नजर मात्र किटलीवर.

बाई तिच्यादेखत मुख्याध्यापिकेला म्हणाल्या, "डोळ्यांत बघत नाही. हिला कळतं तरी काय?"

झिबेकनं पियाला परत घेतला, काठोकाठ भरला आणि बाईंसमोर ठेवला.

मुख्याध्यापिका पांढरीफटक. पोरगी चुकली म्हणा, माफी मागा, ते चित्रण पुसा, असं ती बेगिमायच्या कानात पुटपुटली.

"ती चुकली नाही," बेगिमाय उठून म्हणाली. "माफी मी मागणार नाही. उलान, दाखव यांना."

शाळेच्या समारंभांची कामं हातची जाणार, हे उलानला ठाऊक होतं. तरी त्यानं पडदा बाईंकडे वळवला. बाईंनी आधी स्वतःचं वाक्य ऐकलं, मग भरत जाणारा पियाला पाहिला. पुन्हा लावायला सांगितलं. कान लाल झाले. कागदावर 'याच शाळेत राहील' एवढं लिहून त्यांनी तो चहा संपवला आणि रीतीप्रमाणे निघाल्या.

उलानला मात्र मुख्याध्यापिकेनं बजावलं – आवरा, आणि पुन्हा इथे पाऊल टाकू नका.

रिकाम्या वर्गात तो वायरी गुंडाळत होता.

"मघाशी तू मला अरे-तुरे केलंस."

"केलं. मग?"

"मग मी... निघू की—"

बेगिमायनं किटली उचलली. जेमतेम दोन घोट ओतले.

"एवढाच?"

"एवढाच. संपला की माग."

दाराशी मुख्याध्यापिका जोरात खाकरली. बेगिमायनं वळूनही पाहिलं नाही. उलाननं रिकामा पियाला पुढे केला, तिनं दुसऱ्यांदा ओतला – पहिल्याहून कमी.