बोटीवर बूट काढणारा

हाँगकाँगच्या बंदरातून फेरीबोट सुटली आणि शेजारच्या बाकावरच्या मुलानं बूट काढले. मोजेसुद्धा. भोवती एवढी माणसं, समोर आभाळाला टेकलेल्या इमारती, आणि हा पठ्ठ्या पूजेला बसल्यासारखा अनवाणी...

माझी मैत्रीण रुचिका नाक मुरडून कुजबुजली, याला काही रीतभात? मी मात्र बघतच राहिले. पाण्यावर असे जोडे काढणारी माणसं मी एकाच ठिकाणी पाहिली होती, आमच्या गोसीखुर्दला. धरणात गावं बुडाली, त्यात माझ्या मामाचंही. तेव्हापासून डोंगा त्या जागेवर आला की मामा चपला काढतो. खाली आपलं घर आहे, त्यावरून चपला घालून कसं जायचं?

माझ्या जिभेला हाड नाहीच. विचारलं, "गोसीकडचे हाव का जी तुमी?"

तो दचकला, मग कानापर्यंत हसला. "तुमाले कसं समजलं?"

"पायांवरून."

कैलाश त्याचं नाव. चार वर्षांपासून तिथल्या बंदरात क्रेन दुरुस्त करत होता. मी कोंढ्याची रीता, पवनीच्या एका पतसंस्थेत कारकून. लाँग वीकेंडला दोन रजा जोडून मिरवायला आलेली. या पाण्याखाली आपलं कुणाचं घर नाही हे त्याला ठाऊक होतं. पण पाय ऐकत नाहीत, म्हणाला.

पुढचे तीन दिवस ड्युटी सुटली की स्वारी आमच्या हॉटेलखाली हजर. मी नेलेली जवसाची चटणी त्यानं नुसत्या भातावर खाल्ली, डोळे भरून आले, आणि दोष मिरचीला दिला. रुचिकाला नेमकी तेव्हाच खरेदी आठवायची. शहाणी पोरगी.

शेवटच्या संध्याकाळी पुन्हा तीच फेरीबोट. पाण्यावर रंगीत दिवे हलत होते. मंगळवारी पाच वर्षांच्या करारावर सही करायची आहे, असं तो हळूच म्हणाला.

"आणि गाव?"

"नव्या वस्तीत बाबानं घर बांधलं. पन मले तिथं पाहुन्यासारखं वाटते. आपलं घरच पान्यात हाये, तं वापस येऊ कुठं?"

मला हा मुलगा हवा होता, आणि ये म्हणायचा हक्क नव्हता. बोट काठाला लागली. तिथं बोट वळत नाही. माणसं बाकाचा टेका उलटा करतात आणि परतीकडे तोंड करून बसतात. मी उठून आमच्या बाकाचा टेका पलटवला.

"ये म्हनून नाई राहिली मी," मी म्हणाले. "पन आलास तं... मी हावो तिथं."

बुटाची नाडी त्याला तीनदा बांधावी लागली.

घरी आले. दीड महिना रोज त्याचा एकच मेसेज, "जेवली का?" मी चिडून "हो" एवढंच लिहायची. सही केलीस का, हे विचारायचं धाडस होत नव्हतं. मग होळीनंतरच्या रविवारी मेसेज आला, पवनीच्या घाटावर ये.

डोंग्यात तो बसला होता. सही केली नव्हती. नागपूरला मशिनीचंच काम धरलं होतं. पगार निम्मा, असं त्यानं हसत सांगितलं. वल्हं त्याच्या वडिलांच्या, टेकचंदकाकांच्या हातात, त्यामुळे मला धड लाजताही येईना.

भर पाण्यात काकांनी वल्हं थांबवलं आणि आपल्या चपला काढल्या. कैलाशनं बूट काढले. मी पाहुणी, तशीच बसून राहिले. त्यानं माझ्याकडे पाहिलं. कान लाल झाले होते.

"रीता... चप्पल काढ," तो म्हणाला. "आपलं घर आलं."

मी काढली. काकांनी ती उचलली आणि आपल्या चपलांशेजारी ठेवली.