तीन शर्टांचा नाखवा

खाडीवरचा उचलता पूल यापुढे उचलायचा नाही, हे ज्या सकाळी कळलं, त्या सकाळी सॅन्टनकाका उगाच साखळीला हात लावून गेले. आयुष्यभर त्यांनीच तो उचलला होता. आता डोलकाठीच्या बोटी पुलाबाहेरच अडकल्या; गावचा धक्का आत राहिला.

नवा पूल कसा असावा, हे बघायला सुरुची आली. वसईतल्या फ्लॅटात वाढलेली तरुण इंजिनीअर. बोटी थोड्या असतील तर बुटका पूल, पुष्कळ असतील तर पुन्हा उचलता. भरतीला पुलापर्यंत येणारी प्रत्येक बोट तिला मोजायची होती.

पहिली आली. नाखव्याचा शर्ट निळा. मग एक आली... झेंडा वेगळा, शर्ट लाल. मग आणखी एक, शर्ट चौकड्यांचा. पण हसू तेच, डाव्या गालावर जरा जास्त.

"ओ नाखवा! किती भाऊ तुम्ही?"

"तीन, मॅडम."

"तिघांच्याही कानात एकच बाळी?"

त्याचा हात कानाकडे गेला. बोट पुलाला टेकवत तो म्हणाला, "मी जॅक्सन. गावानंच सांगितलं, बोटी जास्त दिसू देत. बुटका पूल झाला तर आम्ही घरी कसं येनार?"

सुरुचीला राग यायला हवा होता. तिला हसू आलं.

त्याने एक पापलेट वर धरलं. "घ्या. बोटीपायी पुलावर कोनाला थांबवलं तर मासळी द्यायची. आमची रीत आहे."

"मी मासे खात नाही."

"मग... केळी? गिरीजच्या बागेतली?"

दुसऱ्या दिवशी खरंच केळी आली. खाता खाता ती विचारत राहिली. पूल वर असताना लोक करायचे काय?

"गप्पा. सॅन्टनकाकांचं लग्न तसंच जमलं. मटिल्डामावशी पलीकडे उभी असली, की पूल लई सावकाश उतरायचा."

"आणि लोक चिडायचे नाहीत?"

"चिडायचे ना! काका म्हनायचे, साखळी गंजलीय."

आणखी काही दिवसांनी ती म्हणाली, "बोटी खऱ्या तेवढ्याच लिहिल्यात. पण पूल बुटका झाला तर त्यांची घरची वाट तुटेल, हेही लिहिलंय."

"मॅडम—"

"सुरुची म्हण."

"सुरुची... काम नसताना येशील?"

"मोजणी परवाच संपली, जॅक्सन. आज मी कशाला आलेय?"

अहवाल गेला आहे. पुलाचं अजून ठरलेलं नाही. जॅक्सनची बोट अजून बाहेरच नांगरते. आणि सुरुचीने आईला अजून काही सांगितलेलं नाही.