चतुराची नेत्रसाक्ष

कोल्हापुरात त्या वर्षी एका लग्नाचे सगळे फोटो बाद ठरले, कारण फोटोग्राफर माशी आणायला विसरला होता. दोन्हीकडच्या वऱ्हाडींनी शपथा घेतल्या, भटजींनी साक्ष दिली, तरी विवाहनोंदणीला ते फोटो चालेनात. यंत्रानं बनवलेली चित्रं इतकी बेमालूम झाली होती की फोटोला पुरावा म्हणून कुणी विचारत नव्हतं. एकच गोष्ट यंत्राला अजून जमत नव्हती, ती म्हणजे कीटकाचा डोळा. माशीचा किंवा चतुराचा डोळा हजारो बारीक पैलूंचा बनलेला असतो आणि प्रत्येक पैलू म्हणजे जरा वेगळ्या दिशेला कललेला इवलासा आरसा. समोरच्या जागेची हजारो प्रतिबिंबं एकमेकांशी जुळतील अशी खोटी काढायची म्हणजे हजार साक्षीदारांना एकच थाप पढवण्यासारखं होतं. त्यातला एखादा तरी फुटायचाच. या तपासणीला ‘नेत्रसाक्ष’ म्हणू लागले, आणि बारशापासून पुढाऱ्याच्या सभेपर्यंत प्रत्येक फोटोत एक कीटक येऊन बसला.

हेरंब मिरजकरला यामुळे सुगीचे दिवस यायला हवे होते. लोक हत्ती आणि वाघांच्या मागे धावत होते तेव्हापासून तो राधानगरीच्या रानात पोटावर सरपटत कीटकांचे फोटो काढत होता. कीटकाचं अंग चकचकीत असतं, त्यावर फ्लॅशचा उघडा प्रकाश पडला की पांढरे डाग उठतात. म्हणून प्रकाश मऊ करून पसरवणारा डिफ्यूझर लागतो. हेरंब तो घरीच करायचा. तेलाच्या पांढऱ्या प्लास्टिक कॅनचा कापलेला तुकडा, नव्या टीव्हीला गुंडाळून येणारा पातळ फोम, आत पोळ्या बांधायचा चंदेरी कागद आणि वर काळी चिकटपट्टी. दिसायला ते माकडाच्या टोपीसारखं दिसे, पण त्याच्या उजेडात भुंग्याच्या पाठीवरचे हिरवे-निळे रंग जसेच्या तसे उतरत.

ही विद्या त्यानं मेव्हण्याला, विश्वजितला, शिकवली आणि तिथंच त्याचं चुकलं. विश्वजितच्या एका चतुराच्या फोटोला देशातला पहिला मान मिळाला. दवानं भिजलेला चतुर गवताच्या काडीवर बसला होता आणि त्याच्या डोळ्यात सगळी सकाळ उतरली होती. सत्काराला हेरंब पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होता आणि आतून जळून खाक होत होता. ज्याला कालपर्यंत फोकस म्हणजे काय ते माहीत नव्हतं, तो व्यासपीठावरून “हे सगळं दाजींमुळं” असं म्हणत होता, आणि ते ऐकून तर हेरंबच्या अंगाचा तिळपापड झाला.

घरी आल्यावर त्यानं तो फोटो तासन् तास मोठा करून पाहिला. इतका शांत बसलेला चतुर जिवंत असेलच कसा? काही लबाड लोक कीटकाला फ्रिजमध्ये ठेवून गारठवतात, मग आरामात फोटो काढतात. विश्वजितनं तेच केलं असणार, असं हेरंबनं ठरवून टाकलं आणि तक्रार ठोकली. सिद्ध झालं असतं तर विश्वजितचा मानही गेला असता आणि पुन्हा कुणी त्याचा फोटो दारात उभा केला नसता.

तक्रार डॉ. यास्मिन मुजावर यांच्याकडे आली. नेत्रसाक्ष नुसती खरं-खोटं सांगायची. बाईंनी त्याच्यापुढे जाऊन ‘खोलवाचन’ शोधलं होतं. सगळ्या पैलूंमधली अंधूक प्रतिबिंबं एकत्र केली की कॅमेऱ्याच्या बाजूचं दृश्य उलगडतं, अगदी माणसांच्या चेहऱ्यांसकट. अडचण फक्त डिफ्यूझरची होती. त्याचा पांढरा झोत डोळ्यावर इतका पसरलेला असतो की मागचं काही दिसत नाही.

“तो झोत वजा करावा लागतो,” बाईंनी समजावलं. “त्याच बनावटीच्या डिफ्यूझरनं काढलेले दुसरे फोटो मिळतील का?”

डिफ्यूझर हेरंबच्याच हातचा होता. त्यानं मोठ्या दिमाखात आपला सगळा संग्रह, पहिल्या चतुरापासून, बाईंच्या हवाली केला. तेवढ्यात आपलं कामही त्यांच्या नजरेखालून जाईल, हाही हिशेब होताच.

निकाल ऐकायला तो एकटाच गेला. पडद्यावर विश्वजितच्या चतुराचा डोळा उलगडला. कुठलं स्वयंपाकघर नव्हतं, फ्रिज नव्हता. कातळावरचं तळं होतं, कोवळं ऊन होतं. कॅमेऱ्यामागे विश्वजित होता आणि शेजारी डिफ्यूझर धरून एक बाई ओठ दाबून हसू आवरत होती. ती उज्ज्वला होती, हेरंबची बायको. भावाकडे जाते म्हणून ती पहाटे निघायची, ते हे होतं तर. हेरंबला वाईट वाटलं ते तिनं लपवल्याचं नाही, तिच्या हसण्याचं. ते हसू त्याच्या घरात कधी आलंच नव्हतं, असं त्याला वाटलं.

“तुमचेही फोटो वाचले गेलेत,” बाई म्हणाल्या. “झोत वजा करताना आपोआप होतं ते. बघायलाच पाहिजे असं नाही.”

त्यानं बघितलं. पहिल्या फोटोत तरुण हेरंब कॅमेऱ्यात डोळा खुपसून बसला होता. मागे नवी नवरी उज्ज्वला डिफ्यूझर धरून होती. ती कीटकाकडे पाहत नव्हती, त्याच्या मानेकडे पाहत होती, आणि त्या पाहण्यात इतकी माया होती की हेरंबला स्वतःच्याच त्या मानेचा हेवा वाटला. पुढचे फोटो सरकत गेले. कीटक बदलत होते, त्याची पाठ तशीच होती. तिचा चेहरा मात्र हळूहळू विझत गेला. एकात ती रडत होती. तो फोटो त्याचा सगळ्यात गाजलेला होता. मग तिच्या जागी लोखंडी स्टँड आला, कारण तिचा हात हलतो असं त्यानंच एकदा म्हटलं होतं.

“हिचं हे सगळं त्या किड्यांनी बघितलं,” तो पुटपुटला. “मी तिथंच होतो की ओ.”

“तुमची पाठ होती तिकडं,” बाई म्हणाल्या.

तक्रार मागे घेऊन तो घरी आला. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यानं उज्ज्वलाला तळ्यावर येतेस का म्हणून विचारलं.

“इतक्या वर्षांनी डिफ्यूझर धरायला मी कशी काय आठवले?”

“स्टँड मोडलाय,” तो चक्क खोटं बोलला.

ती आली. काठावर एक चतुर बसला होता. हेरंब पालथा झाला, डोळा कॅमेऱ्याला लावला. मागे तिचा श्वास ऐकू येत होता. ती आत्ता आपल्या मानेकडे कशी बघत असेल, हे बघायला तो आसुसला होता. नुसती मान वळवायची होती. पण त्या चेहऱ्यावर काहीच नसलं तर? त्यानं बटण दाबलं आणि फोटो तिथूनच डॉ. मुजावरांना पाठवला, खोलवाचनासाठी.

बाईंचं उत्तर संध्याकाळी आलं. हल्ली अशा फोटोंची रीघ लागली आहे, सगळ्यांना घरच्याच कुणाचा तरी चेहरा बघायचा असतो, तेव्हा महिनाभर थांबावं लागेल. हेरंब थांबला. महिनाभर तो रोज उज्ज्वलाच्या समोर बसून, ताटाकडे बघत जेवला आणि निकालाची वाट पाहत राहिला.